लोखंड उकळतं तेव्हा

लोखंड 1,538 अंश सेल्सिअसला वितळतं, एवढं शाळेत सांगितलेलं असतं. तेच लोखंड 2,862 अंशांना उकळतं आणि त्याची चक्क वाफ होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ही उकळी पाहायला पोलादाच्या भट्टीपर्यंत जावं लागत नाही. कराडहून सांगलीकडे, तासगावहून मिरजेकडे, फलटणहून लोणंदकडे, कुठल्याही रस्त्याने निघा. उसाच्या ट्रॉल्या बनवणारी नाहीतर गेट-ग्रिल करणारी एखादी शेड लागतेच. तिथे होल्डरमधला रॉड लोखंडाला टेकतो, दोन-तीन मिलिमीटर मागे येतो आणि मधल्या हवेत वीज उभी राहते. यालाच आर्क म्हणतात. त्या टीचभरही नसलेल्या जागेतलं तापमान सहा हजार अंशांच्या घरात असतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश आहे. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, महिन्याच्या पगारावर काम करणारा माणूस सूर्याहून तापलेली वस्तू हातात धरून बसलेला असतो!

या उष्णतेत रॉडच्या टोकाचा धातू नुसता वितळत नाही, थोडा उडूनही जातो. आर्कपासून जरा दूर गेली की ती वाफ लगेच थंड होते आणि घट्ट होऊन कण बनते. वेल्डिंगचा निळसर धूर तो हाच. चुलीच्या धुरासारखं त्यात काही जळून उरलेलं नसतं. ते लोखंड, मॅंगनीज, क्रोमियम, निकेल आणि रॉडच्या लेपातली फ्लोराइडं असतात, पुन्हा घन झालेली. यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास धूर जोडायच्या लोखंडातून येत नाही, रॉडमधून येतो. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे या कणांना नाकातले केस अडवतील ही आशाच सोडायची. श्वासाबरोबर ते थेट फुप्फुसाच्या तळातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. नाकातोंडाला बांधलेला रुमाल किंवा टॉवेल त्यांच्यापुढे उघड्या दारासारखा आहे.

आता प्रत्येक धातूचा उत्कलनबिंदू वेगळा, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. जस्त 907 अंशांना उकळतं. म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपवर आर्क मारला की खालचं लोखंड वितळायच्या आधीच वरच्या जस्ताची वाफ झालेली असते. शेडनेटचे सांगाडे, पाण्याच्या लाइनी, पत्र्याच्या शेडचे खांब, सगळीकडे जीआय. दिवसभर हे काम केलेल्या माणसाला संध्याकाळी तोंडात धातूची चव येते, रात्री हुडहुडी भरते, अंग ठणकतं, ताप चढतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. लोक त्याला हिवताप समजतात, फ्लू समजतात. हा धातूच्या धुराचा ताप आहे आणि त्याची एक खोड विलक्षण आहे. रोज धूर घेणाऱ्या शरीराला आठवडाभरात धुराची सवय होते. सुट्टी झाली की ती सवय मोडते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ताप पुन्हा येतो. जुन्या वैद्यकीय लिखाणात त्याला म्हणूनच सोमवारचा ताप म्हटलेलं आहे.

मॅंगनीज 2,061 अंशांना उकळतं, लोखंडाच्या आठशे अंश अलीकडे. त्यामुळे रॉडमध्ये मॅंगनीजचं प्रमाण अगदी कमी असलं तरी धुरात ते कित्येक पट वाढतं. आर्क जणू निवडून मॅंगनीज बाहेर काढतो. आणि हा धातू फुप्फुसात थांबत नाही, रक्तातून मेंदूत जातो. मेंदूत खोलवर, हालचालींना वळण देणाऱ्या केंद्रांत, तो साठतो. 1837 साली ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरने मॅंगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांच्या चालण्याबोलण्यातला बिघाड नोंदवला. पाय अडखळतात, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव हरपतात. पुढे कंपवातात जे दिसतं त्याच्याशी हे मिळतंजुळतं आहे, पण आजार वेगळा. मॅंगनीजच्या रुग्णावर कंपवाताची नेहमीची औषधं फारशी चालत नाहीत.

आपल्या भागात हा धूर सगळ्यात दाट कुठे असेल, याचा विचार केला की मला साखर कारखान्याचं मिल हाउस दिसतं. ऊस पिळणारे रोलर बिडाचे असतात आणि त्यांच्यावर दात्यांच्या रांगा असतात. रात्रंदिवस ऊस घासून हे दाते गुळगुळीत होतात, मग रोलर ऊस पकडेनासा होतो. त्यावर उपाय म्हणजे आर्किंग. दात्यांच्या अंगावर वेल्डिंगचे बारीक खडबडीत ठिपके चढवायचे, म्हणजे उसाला पकड मिळते. यासाठी लागणारे रॉड साधे नसतात. झिजू नये म्हणून त्यांत क्रोमियम आणि कार्बन भरपूर असतो. आणि हे काम पुष्कळदा मिल चालू असतानाच करतात, कारण हंगामात मिल थांबवणं कुणालाच परवडत नाही. रोलर फिरतोय, रस गळतोय, वाफ भरलीय, आणि वेल्डर त्या दात्यांच्या अगदी जवळ वाकून एकेक ठिपका ठेवतोय. आपल्या चहातल्या साखरेच्या मागे हा माणूस उभा आहे.

लोखंडाचं काम सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना 1922 मध्ये उभा राहिला. त्यानंतर सहकारी साखर कारखाने, सातारा, शिरवळ, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसी, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य छोट्या शेड. एवढं लोखंड जोडलं गेलं म्हणजे तेवढा धूरही कुणीतरी ओढला.

मग ओढणाऱ्याचं काय? इथून या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. तो कायद्याचा असला तरी मला पहिल्याइतकाच अचंबित करतो.

अपघात सिद्ध करणं सोपं असतं. क्रेनचा हुक तुटला, बोट गेलं, चार माणसांनी पाहिलं. धुराचं तसं नाही. तो पंधरा वर्षं थोडा थोडा आत जातो, दिसत नाही, उरत नाही. माणूस आजारी पडतो तेव्हा मालक म्हणतो, बिडी ओढत असेल. डॉक्टर म्हणतात, दमा दिसतोय. घरचे म्हणतात, वय झालं. अमुक कणाने तमुक पेशी बिघडवली, हे दाखवणं जगातल्या मोठ्या प्रयोगशाळेलाही जमणार नाही. मग कुपवाडच्या वेल्डरने ते कोर्टात कसं दाखवायचं?

कायद्याने यावर काढलेली तोड अशी: दाखवायचंच नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला. केंद्रीय विधिमंडळात तेव्हा कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते. या कायद्याला तिसरं परिशिष्ट आहे. त्यात एका बाजूला आजार आणि दुसऱ्या बाजूला ते आजार देणारी कामं, अशी यादी आहे. सुरुवातीला मोजकेच आजार होते, पुढे यादी वाढत गेली. तुमचं काम त्या यादीत आहे आणि तुम्हाला तोच आजार झाला, तर कायदा त्या आजाराला अपघाती इजा मानतो आणि ती कामामुळेच झाली असं गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी आलेल्या आजाराला कायदा एका क्षणात घडलेल्या अपघाताचा दर्जा देतो. आजारामुळे माणूस ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला, तो त्या अपघाताचा दिवस. विज्ञानाला जिथे बोट ठेवता येत नाही, तिथे कायद्याने तारीख घातली!

यादीचे तीन भाग आहेत. वेल्डरच्या कामाचं पुष्कळ काही भाग ब मध्ये आहे: क्रोमियमचे आजार, मॅंगनीजचे आजार, कॅडमियम, फ्लोरिन, कामातल्या पदार्थांमुळे जडलेला दमा, आणि तापलेल्या धातूच्या किरणांनी येणारा मोतीबिंदूसुद्धा. याच परिशिष्टाच्या भाग क मध्ये उसाच्या भुश्श्याने होणारा फुप्फुसाचा आजार बसलाय. बगॅस हाताळणाऱ्या साखर कामगाराला आपला आजार केंद्राच्या कायद्यात नावानिशी लिहिलेला आहे, हे बहुधा माहीतही नसतं. आणि भाग अ मध्ये आहे नायट्रस धुराची विषबाधा. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या आणि माण-खटावच्या गलाई कारागिरांना हा धूर वेगळा सांगायला नको. दुष्काळाने गाव सोडून ही माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायला बसली. तेजाबात चांदी विरघळताना उठणारी तांबूस वाफ ती हीच. हा वायू फसवा आहे. ओढल्यावर तासन् तास काही वाटत नाही आणि मग मध्यरात्री फुप्फुसात पाणी भरतं. भाग अ मधल्या आजारांना कामाच्या मुदतीची अट नाही. एका दिवसाची नोकरीही पुरे. अर्थात हे नोकरीवर असलेल्यासाठी. स्वतःच्याच दुकानात गाळणाऱ्या कारागिराला भरपाई मागायला मालकच नसतो.

भाग ब ला मात्र अट आहे, आणि आपल्याकडच्या वेल्डरचा पाय नेमका तिथे अडकतो. एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी हवी. आधीच्या मालकाकडचं तेच काम त्यात धरत नाहीत. ऑफ सीझनला या कारखान्यात ओव्हरहॉलिंग, मग चार महिने ट्रॉलीच्या शेडमध्ये, मग ठेकेदाराबरोबर तिसरीकडे, असं फिरणाऱ्याने वीस वर्षं धूर ओढला तरी त्याचे सहा महिने भरत नाहीत. ही अट मला अन्यायाची वाटते. धूर काही मालक बदलला म्हणून फुप्फुसातून निघून जात नाही. भाग क मध्ये अनेक मालकांकडची नोकरी एकत्र धरून त्यांच्यात भरपाई वाटायची सोय कायद्यानेच केली आहे. ती भाग ब ला नसावी याचं कारण मला सापडलेलं नाही.

पण दोन दारं उघडी आहेत. ठेकेदाराचा माणूस असला आणि काम मूळ मालकाच्या धंद्याचा भाग असलं, तर मूळ मालकाकडेच भरपाई मागता येते. त्याने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. आणि सहा महिने भरले असतील, नोकरी सुटली असेल आणि आजार नंतर उघडा पडला असेल, तरी तो त्या कामातूनच आला हे सिद्ध करून हक्क मागता येतो. शिवाय 1923 च्या या कायद्याने कारखान्यात किती माणसं हवीत अशी अट घातली नाही. विजेवर चालणारी दोन माणसांची शेडही त्यात येते.

आता पैशाचं गणित. ते शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनी शिस्तीचं, पण समजायला सोपं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या 60 टक्के रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची. मृत्यू झाला तर 50 टक्के. वेतन कितीही असलं तरी हिशेबाला धरायची मर्यादा जानेवारी 2020 मध्ये 15,000 रुपये केली गेली. चाळिशीच्या माणसाचा आकडा 184.17 आहे. म्हणजे 15,000 चे 60 टक्के, 9,000, गुणिले 184.17, होतात 16,57,530 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितके टक्के रक्कम. महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

यात कळीची गोष्ट आहे ती कमाईची क्षमता. सर्वोच्च न्यायालयापुढे डिसेंबर 1975 मध्ये एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं होतं की हे अंशतः अपंगत्व आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून सुतार या नात्याने त्याची क्षमता शंभर टक्के गेली. हा निकाल वेल्डरला लावून पाहा. मॅंगनीजने हात थरथरू लागला तर तो माणूस जेवेल, चालेल, दुकानात बसेल, पण त्याला वेल्डिंगची एक सरळ रेघ ओढता येणार नाही.

आणि इथेच शरीर आपल्याला चकवतं. 1936 मध्ये डॉइग आणि मॅक्लॉफलिन या ब्रिटिश डॉक्टरांनी वेल्डरांच्या छातीचे एक्स-रे प्रसिद्ध केले. फुप्फुसभर ठिपकेच ठिपके, बघून धडकी भरावी असे. ते लोखंडाच्या ऑक्साइडचे होते, आणि माणसं मात्र बऱ्यापैकी धडधाकट. काम सोडल्यावर काहींचे ते ठिपके पुढे फिकेही झाले. उलट मॅंगनीज बाधलेल्याचा एक्स-रे साफ असू शकतो आणि तरी त्याचं आयुष्य मोडलेलं असतं. फोटो वाईट म्हणून भरपाई मिळत नाही आणि फोटो चांगला म्हणून दावा पडत नाही. कायदा काय गेलं ते विचारतो.

कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर रस्ता वेगळा आहे: कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. तिथे मालकाकडे दावा लावायचा नसतो. महामंडळाचं वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं आणि एकरकमी पैशांऐवजी दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. पूर्ण अपंगत्वात तो वेतनाच्या 90 टक्के असतो. तरुण कुटुंबाला हा रस्ता माझ्या मते जास्त भरवशाचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावले गेले आहेत. आजारांची यादी तिथेही तिसऱ्याच परिशिष्टात आहे आणि गृहीत धरण्याचं तत्त्व कायम आहे.

जगात इतरत्रही ही लढाई झाली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात 2003 साली एका ज्युरीने मॅंगनीजने आजारी पडलेल्या वेल्डरला दहा लाख डॉलर देवविले, तेही मालकाकडून नाही तर रॉड बनवणाऱ्या कंपन्यांकडून, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही म्हणून. त्यानंतर हजारो दावे उभे राहिले. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर, मग तो कुठल्याही धातूचा असो, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. आपल्या परिशिष्टात क्रोमियम आहे, मॅंगनीज आहे. वेल्डिंगचा धूर म्हणून वेगळी नोंद अजून नाही. यादीत भर घालायचा अधिकार 1923 च्या कायद्याने केंद्राबरोबर राज्य सरकारलाही दिला होता. मग महाराष्ट्राने यात पुढाकार घ्यायला काय हरकत आहे? हवेतल्या मॅंगनीजच्या मर्यादेचंही तसंच. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात ती घनमीटरला 1 मिलिग्रॅम होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने 2013 मध्ये श्वसनात खोल जाणाऱ्या कणांसाठी ती 0.02 वर आणली.

शेडमध्ये गूळ वाटतात, दूध देतात. मालक ते मायेनेही देत असेल. पण गूळ-दुधाने धूर आत जायचा थांबत नाही. धूर निघतो तिथेच तो ओढून घेणारा नळ आणि पंखा लावला, तोंड धुराच्या वाटेतून बाजूला ठेवलं आणि योग्य मास्क वापरला, तर आत जाणारा धातू खरोखर कमी होतो.

बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक विचारा: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. मिरज ही आपली दवाखान्यांची नगरी आहे, डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये तिथे इस्पितळ उभं केलं आणि आजही दोन्ही जिल्ह्यांतली माणसं तिथे येतात. केस पेपरवर नाव, वय, गाव असतं. धंद्यापुढे पुष्कळदा नुसतं 'नोकरी' नाहीतर 'मजुरी' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दावर पुढे दाव्याचं पारडं फिरू शकतं. कामाची नोंद नसेल तर गृहीत धरायला कायद्याला आधार कशाचा?

म्हणून वेल्डर बंधूंना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे. हजेरीची चिठ्ठी, पगार जमा झाल्याचं पासबुक, गेटपास, ईएसआयचं कार्ड, जे हाताशी आहे ते जपून ठेवा. कुठल्या रॉडने काम करता त्याच्या पुड्याचा फोटो काढून ठेवा. आजारपणाची पहिली रजा कधी घेतली ती तारीख लिहून ठेवा. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, तेव्हा उशीर करू नका. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयातच असतं. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा केस पेपरवर 'वेल्डर, इतकी वर्षं' असं त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा.